कुणाच्या हातून

माझ्या डोक्यावर हक्कानं पदर ओढणारी पहिली बाई माझी सासू नव्हती, शेजारीण होती. लग्न होऊन मी भोरला आले, प्राथमिक शाळेत रुजू झाले, आणि थोड्याच दिवसांत पलीकडच्या घरातून निरोप आला, "संध्याकाळी माळेला या." मला वाटलं, हळदीकुंकू असेल. गेले तर खोलीत सात-आठ बायका भिंतीला टेकून बसलेल्या, कोपऱ्यात मेरीमातेची मूर्ती, पुढं मेणबत्ती आणि झेंडूचा हार, आणि मधोमध जपमाळ घेऊन एक उंच, हाडापेरानं मजबूत बाई. तिनं मला खालून वर पाहिलं. उठली, माझा खांद्यावरचा पदर उचलून डोक्यावर ठेवला आणि परत जागेवर जाऊन बसली. मी तशी तापट, माहेरी माझ्या केसाला कुणी हात लावलेला मला खपायचा नाही. पण त्या दिवशी का कोण जाणे, मी मुकाट्यानं बसून राहिले. त्या मार्थाआक्का.

आक्कांना जाऊन आता वर्ष होईल. आमच्या दोन घरांत एकच भिंत, त्यामुळं त्यांची पहाटेची प्रार्थना हाच माझा गजर होता. अजूनही त्या वेळेला जाग येते आणि पलीकडून काहीच ऐकू येत नाही, मग मी उगाच चिडते आणि चहा टाकते.

आक्का मूळच्या नगरकडच्या, पिढीजात कॅथलिक. नवरा भोरच्या एसटी डेपोत मेकॅनिक होता म्हणून त्या इकडं आल्या. भोर आणि वेल्हे मिळून त्यांच्या धर्माची घरं बोटांवर मोजण्याइतकी. चर्च नाही. पुण्याकडून फादर महिन्यातून एकदा यायचे, भाड्याच्या हॉलमध्ये मिस्सा, म्हणजे त्यांची मुख्य उपासना, व्हायची, आणि जेवण करून फादर परत जायचे. उरलेला महिना आक्का सांभाळायच्या. कुणाकडं बारसं, कुणाकडं दुखणं, कुणाची परीक्षा, आक्का माळ घेऊन हजर. नवरा गेला, पोरगा पुण्यात नोकरीला लागून रोज ये-जा करायला लागला, तरी त्यांच्या या कामात खंड पडला नाही. कुणी त्यांना नेमलं नव्हतं. पण आक्कांना विचारल्याशिवाय त्या घरांमध्ये साखरपुड्याची तारीखसुद्धा ठरत नसे.

हॉलवर जाताना त्यांच्या पिशवीत दोन-चार जुन्या ओढण्या असायच्या, धुऊन घडी घातलेल्या. कुणी बोडक्या डोक्यानं आली की एक ओढणी तिच्या डोक्यावर. एकदा पुण्याहून एक फॅशनेबल पाहुणी आली होती. ती हसून म्हणाली, "आजी, आता याची गरज नसते. रोममध्येसुद्धा कुणी घेत नाही."

आक्का म्हणाल्या, "रोमला गेलीस की नको घेऊस. हितं भोर हाय."

पाहुणीनं मिस्सा संपेपर्यंत ओढणी काढली नाही. मला हे तिनंच नंतर आक्कांच्या ओट्यावर बसून सांगितलं, आणि सांगताना तिला इतकं हसू येत होतं की तिचा चहा सांडला.

उपासाचं तर विचारूच नका. मिस्साच्या आदल्या रात्री जेवण झालं की दुसऱ्या दिवशी मिस्सा होईपर्यंत पाण्याचा थेंब नाही. चर्चनं हा नियम कधीच बदलला होता, आता तासभर आधी काही खाल्लं नाही म्हणजे झालं. फादरांनी त्यांना दहादा समजावलं. आक्का म्हणायच्या, "तासाचा उपास म्हंजे उपास हाय व्हय? तेवढा तर म्या एसटीची वाट बघताना करते." पुढं त्यांना साखर निघाली. एकदा हॉलमध्येच चक्कर येऊन पडल्या. शुद्धीवर आल्यावर मी चांगलंच तासलं त्यांना. तर म्हणतात कशा, "पडले तर देवाच्या दारात पडले. बाजारात न्हाई ना?"

मी त्यांना चिडवायची, "आक्का, आमच्या सासूबाईंचं सोवळं परवडलं, पण तुमचं नको. तुमचा देव फार कडक बाई."

"देव कडक न्हाई," त्या म्हणायच्या, "म्या कडक हाय."

हे मात्र अगदी खरं होतं, आणि त्यांना ते ठाऊक होतं.

त्यांना सगळ्या प्रार्थना पाठ होत्या. वाचता जेमतेम यायचं. बायबल घरात होतं, कापडात गुंडाळून मूर्तीशेजारी ठेवलेलं, पण ते उघडायची पद्धत त्यांच्या लहानपणी नव्हतीच. त्यांची नात स्नेहल अगदी लहान असताना एकदा विचारत होती, "आज्जी, तू म्हणतेस त्याचा अर्थ काय गं?" आक्का म्हणाल्या, "अर्थ देवाला ठाव हाय. म्या पाठ केलंय. दोघं मिळून भागतं."

त्या नातीबद्दल सांगायलाच हवं, कारण आक्कांची खरी कुस्ती तिच्याशीच झाली. सुनेशी नाही. सून लीना गरीब स्वभावाची. ती मोबाईलवर मिस्सा लावून तांदूळ निवडायची आणि आक्का कुरकुरायच्या, "देवाला तेलाच्या बाटलीला टेकवून उभा केलाय बघा." पण तेवढंच. लीना सासूपुढं हो म्हणायची आणि मागं स्वतःला हवं ते करायची, जसं आपण बहुतेक जणींनी केलं. स्नेहल तसली नव्हती. ती तोंडावर बोलायची. शिरवळला औषधाच्या कंपनीत लॅबमध्ये नोकरी, केस मानेपर्यंत कापलेले, जीन्स, स्कूटी. माळ म्हणायला बसली तर अर्ध्यात उठायची. पण कापडातलं बायबल तिनं बाहेर काढलं आणि खुणा करून करून वाचलं. रविवारी पहाटे स्कूटी काढून पुण्याला चर्चमध्ये जायची, तिथं सगळ्यांसमोर उभी राहून वाचन करायची. भोरमधल्या म्हाताऱ्यांची औषधं हीच आणून द्यायची. आक्का म्हणायच्या, "पोरगी धर्माची हाय का न्हाई, म्हणून माझ्या डोस्क्याला ताप हाय." मला विचाराल तर दोघी एकाच मातीच्या. पण हे मी त्यांच्यापुढं बोलले नाही. कोण ऐकून घेणार?

आता एक गोष्ट समजून घ्या, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मिस्सामध्ये फादर एक पातळ, पांढरी, नाण्याएवढी चकती प्रत्येकाला देतात. तिला कम्युनियन म्हणतात. आपल्याला ती चकती दिसते, त्यांच्या लेखी ते साक्षात येशूचं शरीर. माझ्यासारखीनं त्यावर बोलू नये, पण ती घेताना आक्कांचा चेहरा मी पाहिला आहे. त्या गुडघ्यावर बसायच्या, डोळे मिटायच्या आणि जीभ बाहेर काढायच्या. फादरांनी जिभेवर ठेवायचं. आपला हात लावायचा नाही. ज्या हातानं शेण काढलं, भांडी घासली, पोराला बदडलं, त्या हातानं देवाला धरायचं नाही, हा त्यांचा हिशेब. फादरांचे हात वेगळे, ते तेलानं अभिषेक केलेले.

करोनानंतर सगळीकडं कम्युनियन हातावर द्यायला लागले. जिभेवर बंद. आक्कांनी वर्षाहून जास्त काळ घेतलीच नाही. रांगेत यायच्या, फादरांपुढं हात छातीशी जोडून उभ्या राहायच्या, मान तुकवायच्या आणि परत फिरायच्या. दर वेळी घरी येऊन रडायच्या. मी भिंतीपलीकडून ऐकलं आहे. मी म्हटलं, "आक्का, घ्या की हातावर, एवढं काय त्यात?" त्या म्हणाल्या, "मास्तरीणबाई, भूक लागली म्हणून काय कुटंबी बसून जेवायचं?" पुढं जिभेवर परत सुरू झालं तेव्हा त्यांनी गल्लीभर शिरा वाटला.

आणि अशा बाईच्या घरात एक दिवस स्नेहल सांगत आली की फादरांनी तिला निवडलंय. आजारी, अंथरुणाला खिळलेल्या लोकांना घरी कम्युनियन नेऊन द्यायला. आता बायकांनाही तो अधिकार मिळतो, शिबिर करावं लागतं, परवानगी येते. पोरगी फुलून गेली होती. कम्युनियन न्यायची छोटी सोनेरी डबी तिनं टेबलावर ठेवली.

आक्का डबीकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ह्या हातानं?"

"ह्याच हातानं, आज्जी."

"लॅबमदल्या बाटल्या धरतीस, स्कूटी चालवतीस, त्या हातानं तू ख्रिस्ताला धरणार?"

स्नेहल शांतपणे म्हणाली, "तू हिर्डोशीला काय केलं होतंस मग? तुझ्या हाताला कुणी तेल लावलं होतं?"

लीना स्वयंपाकघरात निघून गेली. हिर्डोशीची गोष्ट मला त्या दिवशी पहिल्यांदा कळली, तीही नंतर लीनाकडून. वरंध घाटाच्या बाजूला हिर्डोशीत एक कॅथलिक नर्स नोकरीला होती. तिला दिवस पुरे व्हायच्या आधीच मूल झालं, आणि ते जगण्यातलं नव्हतं. आक्का तिच्या सोबतीला गेल्या होत्या. पाऊस, एसटी बंद, फादर पुण्यात. आक्कांनी तांब्यातलं पाणी त्या लेकराच्या डोक्यावर तीनदा ओतलं, प्रार्थना म्हटली आणि त्याचं नाव थॉमस ठेवलं. असा बाप्तिस्मा अडचणीत कुणीही देऊ शकतं, त्यांच्यात तशी मुभा आहे. दुपारी मूल गेलं. आक्का चिखलातून चालत मुख्य रस्त्यापर्यंत आल्या, आणि त्यानंतर ही गोष्ट त्यांनी स्वतःहून कुणाला सांगितली नाही; घरच्यांनासुद्धा ती त्या नर्सकडूनच कळली.

आक्का स्नेहलला एवढंच म्हणाल्या, "तवा अडलं हुतं. आता न्हाई अडलं. फादर हायत."

त्यानंतर दोघी महिनाभर कामापुरतंच बोलत होत्या.

मग आक्का न्हाणीत घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण वयामुळं काही जमेना, अंथरूणच धरलं. फादर महिन्यातून एकदा घरी येऊन जायचे. बाकीच्या रविवारी स्नेहल पुण्याहून गळ्यात डबी अडकवून यायची. नियम असा की डबी जवळ असताना वाटेत थांबायचं नाही, कुणाशी गप्पा मारायच्या नाहीत. गल्लीतल्या बायका हाका मारायच्या, "ये गं, चहा घे," आणि ती मान हलवून सरळ घरात. चपला काढून दारात उभी राहायची. "आज्जी, आणलंय. घेणार?"

आक्का भिंतीकडं तोंड फिरवायच्या.

ती मिनिटभर थांबायची आणि तशीच दुसऱ्या आजाऱ्याकडं जायची. एकदाही रागावली नाही. मलाच राग यायचा. मी आक्कांना म्हटलं, "तुम्ही देवावर रुसलात की पोरीवर?" त्या म्हणाल्या, "तुमी शाळा सांभाळा." माझी नोकरी संपून कितीतरी वर्षं झाली होती.

या सगळ्यात विंझरच्या फिलोमिनाबाई होत्या. वेल्ह्याच्या रस्त्यावर विंझर आहे, तिथं त्यांच्या मुलाचं दुकान. त्या आणि आक्का एकाच गावच्या, नवऱ्यांच्या मागोमाग इकडं आलेल्या, एकमेकींच्या बाळंतपणाला धावलेल्या. फिलोमिनाबाई आक्कांचं ऐकायच्या. म्हणजे किती, तर आक्का म्हणाल्या आज ऊन नाही तर त्या कपडे वाळत घालायच्या नाहीत. त्याही अंथरुणाला खिळल्या होत्या, आणि आक्कांनी त्यांना फोनवर बजावलं होतं, "फिलू, फादरांबिगर कुणाकडनं घ्यायचं न्हाई. माझी नात आली तरी न्हाई." स्नेहल विंझरला गेली तर फिलोमिनाबाईंनी तिच्या गालावरून हात फिरवला, लाडू दिला आणि कम्युनियन नको म्हणाल्या.

तो रविवार मला चांगला आठवतो, कारण मी आक्कांकडंच बसले होते. सकाळी फिलोमिनाबाईंच्या मुलाचा फोन आला, लीनानं तो स्पीकरवर लावला. आईनं दोन दिवस अन्न सोडलंय, डॉक्टर म्हणतात आता घरीच राहू द्या. फादर आजाऱ्याला लावायचं पवित्र तेल लावून आधीच गेले होते, पण आता ते आठवड्याच्या मौनसाधनेला बसलेले, फोन बंद. दुसऱ्या ठिकाणच्या फादरांना संध्याकाळशिवाय निघता येत नव्हतं. "आईला कम्युनियन हवंय," मुलगा म्हणाला. "सारखी तेच मागतीय. स्नेहलकडून घे म्हटलं तर ऐकत न्हाई."

"तिच्या कानाला लाव फोन," आक्का म्हणाल्या.

आक्कांचा आवाज नेहमीसारखाच करडा होता. "फिलू, ऐक. स्नेहल येतीय. तिच्याकडनं घे. म्या सांगते, घे."

पलीकडून बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला. मग अगदी बारीक आवाज. "तू घेतलंस?"

आक्कांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. पलीकडून मुलगाच म्हणाला, "दमली ती, ठेवतो," आणि फोन बंद झाला.

लीना रडवेली झाली. "हो म्हणायचं होतं की हो, आई. काय बिघडलं असतं?"

"मरणाऱ्या बाईला खोटं सांगू?" आक्का म्हणाल्या.

त्या आढ्याकडं बघत पडून राहिल्या. त्यांच्या ओठांवरून कळत होतं की त्या काही म्हणत नाहीत, प्रार्थनासुद्धा नाही. नुसत्या विचार करत होत्या. मला वाटतं, आपल्या शब्दाचं वजन त्यांनी आयुष्यभर लोकांवर टाकलं होतं आणि त्या दिवशी ते त्यांना स्वतःला उचलायचं होतं. त्यांनी आखलेल्या रेघेपलीकडं त्यांची मैत्रीण उपाशी पडली होती. रेघ पुसणं त्यांना जमण्यातलं नव्हतं, आणि मैत्रिणीला तसंच जाऊ देणं तर त्याहून नाही.

"मास्तरीणबाई," त्या एकदम म्हणाल्या, "मला बसवा."

मी आणि लीनानं दोन्ही बाजूंनी धरून त्यांना बसवलं. खुब्यातून कळ गेली असणार, कपाळावर घाम आला, पण हूं की चूं केलं नाही. पाठीमागं लोड लावला. तेवढ्यात स्कूटी वाजली. स्नेहल दारात येऊन उभी राहिली आणि आजी बसलेली बघून विचारायचंच विसरली.

"जवळ ये," आक्का म्हणाल्या. "म्या तुझ्यासाठी घेत न्हाई. फिलूसाठी घेते."

"कुणासाठीही घे, आज्जी," स्नेहल म्हणाली. "मला चालतंय."

तिनं टेबलावर पांढरं कापड अंथरलं, मेणबत्ती लावली, प्रार्थना म्हटली. ती चकती बोटांत धरून तिनं उचलली. एवढी धीट पोरगी, पण आजीच्या तोंडापर्यंत तिचा हात पोचेना. मी लीनाकडं बघितलं, लीना माझ्याकडं.

आक्कांनी डोळे उघडले. नातीचं मनगट स्वतःच्या हातानं घट्ट धरलं आणि तो हात सावकाश आपल्या तोंडाशी नेला.

नंतर त्या खूप वेळ डोळे मिटून होत्या. स्नेहल खाली बसून रडत होती. मला स्वतःला रडू आवरेना, मी कॅथलिक नसूनही, आणि मला त्याचं काही वाटलं नाही. मग आक्का डोळे न उघडताच म्हणाल्या, "रडत काय बसलीस? विंझर काय हितं हाय? जा. आन्‌ तिला सांग, आदी म्या घेतलं म्हणून."

स्नेहल वेळेवर पोचली. फिलोमिनाबाईंनी तिला एकच प्रश्न विचारला, आणि तिनं खरं तेच सांगितलं. मग त्यांनी तोंड उघडलं. दोन-तीन दिवसांनी त्या गेल्या, अगदी शांत.

पुढच्या रविवारी मी मुद्दाम आक्कांकडं गेले. खरं सांगते, मला धाकधूक होती. फिलोमिनाबाई आता नव्हत्या. आक्का म्हणाल्या होत्या की त्यांच्यासाठी घेते. म्हणजे आता परत भिंतीकडं तोंड फिरवणार, आणि पोरगी परत दारातून माघारी जाणार. लीनालाही तेच वाटत असावं, ती स्वयंपाकघरातून बाहेर येत नव्हती.

आत गेले तर आक्का लोडाला टेकून बसल्या होत्या, पोराकडून बसवून घेतलं होतं. पुढं थोड्याच दिवसांत त्यांचं बसणंही बंद झालं, मी त्यांना तसं बसलेलं पाहिलं ते शेवटचंच. रस्त्याकडं कान लावून होत्या. पुण्याच्या रस्त्यावर काहीतरी काम चाललं होतं, त्यामुळं स्कूटी यायला बराच वेळ गेला. शेवटी ती दारात थांबली. स्नेहलनं चपला काढल्या आणि उंबऱ्यात उभी राहिली.

"कवापास्नं बसलेय," आक्का म्हणाल्या. "एवढा उशीर करत्यात व्हय?"

आणि त्यांनी तोंड उघडलं.